सतराव्या चेंबरवरचा जावई

मोजपट्टीला किती भीती वाटत होती, हे तिनं मोजून ठेवलं होतं: विसात एक.

मोजपट्टी हे नाव तिला आठ महिन्यांपूर्वी पडलं. फायबरचं जाळं आखायला शिकवणाऱ्या केंद्रात ती पहिल्या दिवशी आली ती थेट वर्गाच्या दाराची रुंदी मोजायला लागली. ब्याण्णव सेंटिमीटर. मास्तरांनी विचारलं, "दार बदलायचंय का?" ती म्हणाली, "नाही सर, आग लागली तर एका वेळी किती जण बाहेर पडतील ते बघत होते." मास्तर म्हणाले, "किती?" ती म्हणाली, "दीड." मास्तरांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. बाकी वर्गानं दाराजवळचे बाक धरले.

यात तिचा दोष फारसा नव्हता. तिची आई अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. ज्या घरात जेवताना "आज तीन सिलिंडर, एक गोदाम आणि एक गृहस्थ लिफ्टमध्ये" अशा गप्पा होतात, त्या घरातली पोरगी दारं मोजणारच.

तर ही भीती होती तोडणीची.

मास्तर केंद्रात यायच्या आधी वीस वर्षं रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उकिडवे बसून केबली जोडायचे. त्यांचे गुडघे त्यांच्या आधी वर्गात ऐकू यायचे. कागदावरच्या परीक्षेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शेवटची परीक्षा त्यांनी स्वतः काढलेली, आणि तिला सगळे तोडणी म्हणायचे. प्रत्येक शिकाऊ माणसाला एक खरीखुरी इमारत मिळे. तिच्याकडे दोन वेगळ्या वाटांनी फायबर कसं न्यायचं ते त्यानं आखायचं. मग मुकादमाची माणसं त्या आखणीप्रमाणे, जमिनीखालच्या जुन्या पाइपांतून, मधली झाकणं न उघडता, खरोखरच नारिंगी केबली ओढत. इमारतीचे फोन-बिन सगळं त्यावर चढवलं जाई. आणि परीक्षेच्या दिवशी मास्तर आपला जेवणाचा डबा रिकामा करून त्यात चिठ्ठ्या टाकत. पहिल्या वाटेवर जेवढे चेंबर, तेवढ्या चिठ्ठ्या. जो आकडा निघेल त्या चेंबरमध्ये उतरायचं आणि तिथे दिसतील तेवढ्या नारिंगी केबली आपल्या हातानं तोडायच्या.

"तेवढ्या म्हणजे तेवढ्या," मास्तर बजावत. "खोदणारं मशीन काही नाव-गाव विचारून तोडत नाही."

दोन वाटा खरोखरच वेगळ्या असतील तर खड्ड्यात एकच केबल असते. ती तुटते, फोन वाहून नेणारा तिच्यातला प्रकाश दुसऱ्या वाटेनं जातो, आणि इमारतीत कुणाला पत्ताही लागत नाही. पास होणं म्हणजे काय, तर काहीच न होणं. काही झालं की नापास.

डुलकी नावाच्या वर्गमित्राला पोहण्याच्या तलावाचं तिकीटघर मिळालं होतं. हा बसल्याजागी झोपायचा, पण आखणी करायचा जागेपणी. मोजपट्टीच्या वाट्याला आली अग्निशमन दलाची कंट्रोल रूम. आईची. आणि तोडणी कधी आहे हे इमारतीला आधी सांगत नसत. सांगितलं की ती परीक्षा राहत नाही, सत्कार होतो, असं मास्तरांचं म्हणणं.

मोजपट्टीच्या पहिल्या वाटेवर वीस चेंबर होते. एकोणीस ठिकाणी ती डोळे मिटून तोडायला तयार होती. भीती होती ती फक्त सतराव्याची.

त्याचं असं झालं होतं. या धंद्यात वाटेवरच्या प्रत्येक चेंबरचं झाकण उघडून स्वतःच्या डोळ्यांनी आत बघायचं असतं, आणि मग वहीत लिहायचं असतं, "उघडून पाहिलं." कारण जुना नकाशा हा लग्नासाठी पाठवलेल्या फोटोसारखा असतो. तो खोटा नसतो, पण जुना असतो. मोजपट्टीनं सोळा झाकणं उघडली. सोळांमध्ये वाकून पाहिलं. सतरावं झाकण रुग्णालयाच्या लाँड्रीशेजारी होतं आणि त्यावर एक कुत्रा बसला होता.

बसला होता म्हणजे मालकी असल्यासारखा बसला होता. कान एक, तोही फाटका. लाँड्रीतल्या काकू चादरी झटकता झटकता म्हणाल्या, "तो आमचा जावई. येतो, बसतो, खातो, गुरगुरतो. ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही. झाकण गरम असतं ना, सोडतच नाही जागा."

मोजपट्टी त्याच्यापासून अकरा मीटरवर चाळीस मिनिटं उभी राहिली. अकरा मीटर हे अंतर तिनं पट्टीनं काढलं होतं. दहावर तो गुरगुरत होता. एकेचाळिसाव्या मिनिटाला तिनं वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "चेंबर १७. उघडून पाहिलं. एक पाइप." आणि अठराव्याकडे गेली.

पुढे केबली ओढून झाल्यावर मुकादम हिशेब द्यायला वर्गात आला. तो हसत म्हणाला, "ए बाई, दुसऱ्या वाटेवर, लाँड्रीच्या मागच्या तुकड्यात, तुझ्या कागदावर चारशे दहा मीटर आहे. आम्ही ओढली चारशे सत्तर. तुझी पट्टी साठ मीटरनं आखूड आहे." वर्ग हसला. मोजपट्टीही हसली. मग ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि भिंतीला टेकून साठ मीटर कुठे गेले याचा विचार केला.

साठ म्हणजे तीस आणि तीस. लाँड्रीच्या मागच्या भिंतीपासून सतराव्या चेंबरपर्यंत अंतर होतं बरोबर तीस मीटर. लाँड्री वाढवली तेव्हा कुणीतरी मागचा पाइप उचलून चेंबरात आणला असणार, आणि तिथून परत मागे नेला असणार. जुन्या नकाशाला हे कुणी कळवलं नव्हतं. म्हणजे तिच्या दोन वेगळ्या वाटा सतराव्या झाकणाखाली मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

हे तिला नऊ दिवस माहीत होतं. खात्री करायला ती दोनदा गेली. दोन्ही वेळा जावई जागेवर. आणि मास्तरांना सांगायचं, तर वहीतलं "उघडून पाहिलं" खोटं होतं. खोट्या नोंदीला नाव खोडलं जातं. मास्तर सगळ्या नियमांवर विनोद करत, या एका नियमावर करत नसत. मागच्या बॅचमधल्या एकाचं नाव असंच खोडलं गेलं. तो आता शोभेचे मासे विकतो. आनंदात आहे, पण तो मुद्दा नाही.

परीक्षेच्या सकाळी आईनं चहा पुढे ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"तोंड का असं? घाबरलीस?"

"विसात एक."

"म्हणजे पाच टक्के. एवढ्यावर आम्ही गाडीसुद्धा बाहेर काढत नाही."

"आई, तुमचे फोन बंद पडले तर काय करता गं?"

"एक जुना काळा फोन आहे कोपऱ्यात. सहाजणी आणि एक फोन. नळावर भांडतात तशा भांडू." आई डबा भरत होती. मग तिचा हात थांबला. "मागे एकदा पडले होते बंद. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत कुणी लावला असेल का, हे अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर बरं, असं वाटतं कधीकधी. का गं?"

"सहज."

"सहज काही विचारणारी नाहीस तू. चहा पी, निवतोय."

चहा निवलाच. 

दहा वाजता मास्तरांनी डबा पुढे केला. त्याला अजून भाजीचा वास होता. मोजपट्टीनं हात घातला. चिठ्ठ्या बोटांना लागल्या, आणि तिला वाटलं त्यातली एक गरम आहे. ती सोडून तिनं दुसरी उचलली. उघडायला तिला इतका वेळ लागला की डुलकी जागा झाला.

चार.

चौथा चेंबर टपाल कचेरीसमोर होता. झाकण उघडलं, आत एकच नारिंगी केबल. मोजपट्टी उतरली. डुलकीला कंट्रोल रूममध्ये बाकावर नेऊन बसवला होता, काही होतंय का ते मास्तरांना फोनवर सांगायला. मास्तरांनी मान हलवली. तिनं कात्री दाबली. कट्ट.

"काय रे?" मास्तरांनी फोनमध्ये विचारलं.

"काही नाही सर," डुलकीचा आवाज आला. "एक बाई कुणालातरी सांगतायत, मांजर चढलंय तसं उतरेलही, मांजराचा सांगाडा लटकलेला पाहिलाय का कधी झाडावर. बाकी शांत."

ती आई होती. मोजपट्टीला खड्ड्यातच बसावंसं वाटलं. मास्तरांनी आखणीच्या कागदावर "उत्तीर्ण" लिहिलं, सही केली, कागदाचा फोटो काढला आणि कुणाला तरी पाठवून दिला. वर लगेच फोन लावला.

"हां साहेब, पाठवलाय नकाशा. तीन आठवडे तुमचं मशीन लाँड्रीच्या गल्लीत उभंय ना गटारासाठी? करा सुरू. सतराव्यापाशी आमची एक केबल आहे, पण ती वाट आत्ताच तोडलीये आम्ही, आज बंदच आहे. खुशाल उडवा. संध्याकाळी दोन्हीकडे एकदाच जोडून टाकू. दुसरी वाट तीस मीटर लांब आहे, आमच्या पोरीनं स्वतः बघितलंय."

त्यांनी फोन ठेवला आणि कौतुकानं मोजपट्टीकडे पाहिलं.

मोजपट्टीनं तोंड उघडलं. आतून जे यायला हवं होतं ते आलं नाही. "थँक्यू सर," एवढंच आलं. मग ती खड्ड्यातून वर आली आणि पळत सुटली.

चौथ्यापासून सतराव्यापर्यंत आठशे नव्वद मीटर. हे तिला पाठ होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. कंट्रोल रूम आता एकाच केबलवर होती, आणि ती केबल मशीनच्या दातांखाली होती, आणि मशीनला तिथे जायचा कागद तिच्या अक्षरातला होता. पळताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती इतकी विचित्र होती की तिचं तिलाच हसू यायला हवं होतं. ती मनात म्हणत होती, जावई असू दे. देवा, तो कुत्रा जागेवर असू दे.

गल्लीत वळली तेव्हा मशीन सुरू होतं. पिवळा हात वर उचललेला. त्याखाली, झाकणावर, जावई. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

"हाड! अरे हाड! काकू, हा उठत का नाही?"

"तुम्ही काय दिलंय त्याला, म्हणून उठेल?" काकू म्हणाल्या. "थांबा, पाव आणते. पावाला उठतो तो."

"काकू, नको!" मोजपट्टी ओरडली, पण मशीनच्या आवाजात ते काकूंना दिसलं फक्त. त्यांना वाटलं, पोरगी पाव मागतेय. त्या दोन घेऊन आल्या.

जावयानं पाव पाहिला. पुढचे पाय सरळ केले. अंग झटकलं. मागचे पाय उचलले. ड्रायव्हर आत सरकला आणि त्यानं दांडा धरला.

मोजपट्टी अकरा मीटरवर होती. दहावर तिचे पाय आपोआप थांबले, नेहमीसारखे. जावयानं तिच्याकडे बघून दात दाखवले. ती डोळे मिटून उरलेले दहा मीटर पळाली आणि जाऊन झाकणावर बसली. कुत्र्याच्या अगदी शेजारी. झाकण खरंच गरम होतं.

मशीन बंद झालं. गल्लीत एकदम शांतता. कानाशी फक्त गुरगुर, इतक्या जवळून की तिच्या पोटात ऐकू येत होती.

"ताई," ड्रायव्हर म्हणाला, "आधी एक होता, आता दोन झाले. उठा ना."

"नाही."

"मला वरून हुकूम आहे."

"तो हुकूम माझ्या कागदावर निघालाय. कागद खोटा आहे." तिनं फोन काढला.  तिसऱ्यांदा नंबर लागला. "सर, मी सतराव्यावर बसलेय. खाली दोन्ही केबली आहेत. मी उघडून पाहिलं नव्हतं."

 मग मास्तर म्हणाले, "मुकादमाचे साठ मीटर."

"हो सर."

"बसून राहा."

बसून राहण्यावाचून तिच्या हातात काही नव्हतंही. जावयानं तिचा खांदा हुंगला, कान हुंगला, पाव खाल्ला. दुसराही खाल्ला. ती श्वास मोजत होती. एकशे बारापर्यंत गेली तेव्हा मास्तर स्कूटरवरून उतरले, गुडघे वाजवत आले आणि झाकणापासून काही अंतरावर थबकले. मोजपट्टीनं नजरेनं अंदाज घेतला. अकरा मीटर.

"चावतो का?"

"माहीत नाही, सर. अजून ठरलेलं नाही त्याचं."

काकूंनी तिसरा पाव लांब धरला आणि जावई आपण होऊन, उपकार केल्यासारखा, उठला. ड्रायव्हरनं किल्ली काढून खिशात टाकली. झाकण उचललं तेव्हा आतून वाफेसारखी ऊब आली. लाँड्रीच्या गरम पाण्याचा पाइप आडवा गेला होता, आणि त्याला टेकून, हिवाळ्यात शेगडीशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांसारख्या, दोन नारिंगी केबली.

मास्तरांनी वाकून पाहिलं. "किती दिवस माहीत होतं?"

"नऊ."

"आणि आज चिठ्ठी सतरा निघाली असती तर?"

"तर सांगितलं असतं, असं रोज ठरवत होते." ती केबलींकडे बघत म्हणाली. "पण चार निघाल्यावर नाही सांगितलं. म्हणजे सतरावरही सांगितलं असतं की नाही, कोण जाणे."

मास्तरांनी हात पुढे केला. तिनं वही दिली. त्यांनी "उघडून पाहिलं" वर रेघ मारली आणि पेन तिच्या हातात दिलं. "जे झालं ते लिही."

तिनं लिहिलं, "कुत्रा होता. पाहिलं नाही." या वेळी अक्षर वाईट आलं.

"एवढंच लिहिलं असतंस, तर मी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं," मास्तर म्हणाले. "वहीत कुत्र्याला बंदी नाही." मग आखणीच्या कागदावरचं "उत्तीर्ण" त्यांनी खोडलं, आणि खालचं तिचं नावही. कागदाची घडी करून खिशात ठेवली. या नियमावर त्यांनी आजही विनोद केला नाही. स्कूटरला किक मारताना मात्र मागे न बघता म्हणाले, "सोमवारी नवी बॅच आहे. नवी नावं लिहून घेतोय. दार अजून ब्याण्णवच आहे." आणि ते गटारवाल्या साहेबांशी भांडायला गेले.

मोजपट्टी उघड्या चेंबरच्या कडेला बसली होती. भीती गेली होती असं नाही. ती नुसतीच बसली होती, भीतीसकट. आठ महिने वाया गेले होते, पण कंट्रोल रूममध्ये काहीच झालेलं नव्हतं. ते एकदा कानांनी ऐकल्याशिवाय तिला उठता येईना. तिनं अग्निशमन दलाचा नंबर लावला. एक रिंग. दुसरी अर्धी.

"बोला, आग कुठे आहे?"

"आई, मी."

"आग आहे का?"

"नाही."

"मग या नंबरवर कशाला फोन केलास? लाइन अडवू नकोस." मग, हळू आवाजात, "काही झालंय का?"

"नाही गं. काहीच नाही झालं."

"मग ठेव," आई म्हणाली, आणि तिनंच ठेवला.

मोजपट्टी उठायला गेली, पण जमेना. तिसरा पाव संपवून जावई परत आला होता. झाकण उघडं असल्यामुळे त्याची जागा गेली होती, म्हणून तो तिच्या पायावर बसला होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं. काकू आत गेल्या होत्या. ड्रायव्हर खिडकीत डोकं टेकून झोपला होता. ऊठ म्हणायची तिची छाती नव्हती.